बदलता समाज आणि घरातील बुजुर्ग
(वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



कर्ता पुरुष दूरदेशी असणे आपल्या कोकणाला नवे नाही. पूर्वी तो मुंबईच्या गोदीत किंवा जहाजावर असे. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आपले तरुण आखाती देशांत जाऊ लागले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या, याचे हे एक मोठे कारण. गावी उरतात स्त्रिया, मुले आणि बुजुर्ग.

दादांचा अधिकार शेती आणि पैसा यांवर उभा होता. पेरणी केव्हा, देणे किती, मुलीचे स्थळ कोणते, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरत नसे. आज अनेकांची भातखाचरे पडीक आहेत. पैसे थेट सुनेच्या खात्यात येतात आणि निर्णय फोनवर होतात. दादांना सलाम मिळतो, काम मिळत नाही.

दादीचे उलट झाले. सून शिकली, नोकरीला लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तिचे मूल सांभाळते ती दादीच. सत्तरीतही चूल, नातवंडे आणि आजारी नवरा तिच्याच वाट्याला. बाळंतपणात, दुखण्याखुपण्यात पूर्वी तिचा शब्द चाले. आता तोही उरला नाही.

२००७ च्या केंद्रीय कायद्यान्वये सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध आई-वडील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागू शकतात. सांभाळाच्या अटीवर मुलाला दिलेले घर, अट मोडल्यास, परत मिळवता येते. कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. पण कायदा पोट भरील. घरातला मान तो कसा देणार?

तो आपणच द्यायचा आहे. पालकांनो, घरचा व्यवहार दादांच्या कानावर घाला, त्यांचा सल्ला घ्या. दादीला कामातून उसंत द्या, तिच्या दुखण्याकडे वेळीच लक्ष द्या. विद्यार्थी मित्रांनो, दादांबरोबर शेताच्या बांधावर जा. सातबारा, हद्दीच्या खुणा, विहिरीचा हक्क समजून घ्या. हे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले, तर पुढे कोर्टात शोधावे लागेल. दादीला सही शिकवा, बँकेचे पासबुक वाचून दाखवा.

शिक्षणाने तुम्ही पुढे जावे, हीच या संस्थेची धडपड आहे. पुढे जाताना ज्यांच्या खांद्यावर बसून जग पाहिले, त्यांना मागे टाकू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.