शनिवारचा खाडा

श्रोतेहो, अर्ज नामंजूर झाला म्हणजे आपण काय करतो? कागदाची घडी घालून ती फडताळात ठेवतो आणि 'सरकारपुढे कोण बोलणार' म्हणून गप्प बसतो. अमेरिकेतल्या एका गिरणीकामगार बाईने तसे केले नाही. तिची हकीकत आज सांगतो.

बाईचे नाव आडेल शर्बर्ट. साउथ कॅरोलायना राज्यातल्या स्पार्टनबर्ग भागात ती कापडगिरणीत कामाला होती. १९५७ साली ती एका ख्रिस्ती पंथात गेली. हा पंथ रविवार नव्हे, शनिवार पाळतो. त्या दिवशी काम वर्ज्य. तेव्हा गिरणीचा आठवडा ५ दिवसांचा होता, म्हणून निभावले. १९५९ मध्ये तिन्ही पाळ्यांना शनिवारचे काम लागू झाले. बाई शनिवारी जाईना. नोकरी गेली. आसपासच्या ३ गिरण्यांत विचारून पाहिले, तिथेही शनिवार आडवा आला.

तिकडे बेकारीभत्त्याचा कायदा आहे. पण मिळेल ते योग्य काम सबळ कारणावाचून नाकारता येत नाही. शनिवार हे सबळ कारण नव्हे, असे म्हणून अधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला. ती खालच्या कोर्टात हरली. राज्याच्या सर्वात वरच्या कोर्टातही हरली. इथे पुष्कळांचा दम संपतो!

ती वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. १७ जून १९६३ रोजी निकाल लागला, ७ विरुद्ध २, बाईच्या बाजूने. न्यायमूर्ती ब्रेनन यांचा मुद्दा मोठा मार्मिक आहे, बरं का. धर्म सोड असे तिला कोणी म्हणत नाही, हे खरे. पण एकीकडे धर्म, दुसरीकडे पोट, आणि आता निवड कर म्हणायचे, हे शनिवारच्या प्रार्थनेबद्दल दंड करण्यासारखेच झाले. शिवाय रविवार पाळणाऱ्या कामगाराला त्या राज्यात कायद्याचेच संरक्षण होते. मग रविवारवाल्याला सूट आणि शनिवारवालीला उपास, हा कुठला न्याय? राज्याने भीती घातली की, खोटे भाविक उठतील आणि निधी बुडेल. त्याला पुरावा मात्र काहीच नव्हता.

विरोधी मत देणारे हार्लन म्हणाले, हा भत्ता काम नसलेल्यांसाठी आहे, स्वतःच्या कारणाने काम न करणाऱ्यांसाठी नव्हे. मला हे म्हणणे अगदीच टाकाऊ वाटत नाही.

पुढे १९९० मध्ये ऑरेगनचे दोघे याच न्यायालयात भत्त्यासाठी भांडले आणि हरले. त्यांनी धर्मविधीत पियोटी नावाचा नशा आणणारा निवडुंग खाल्ला होता. तो बाळगणे त्या राज्यात गुन्हा होता. शर्बर्टबाईचा शनिवार कोणत्याच कायद्याने गुन्हा नव्हता.