शेजारच्या विहिरी

आज पदवी घेतलेल्या मुलामुलींनो,

मी भूजलाचा अभ्यासक. माझी सगळी नोकरी विहिरींच्या काठावर गेली. ‘आता पुढे काय?’ असं कुणी विचारलं की मला बांधावर उभा राहिलेला शेतकरी आठवतो. तो विचारतो, ‘साहेब, कुठं खणू?’ पैसे उसने आणलेले असतात, बायकोचा दागिना गहाण पडलेला असतो. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी शिक्षणासाठी असंच कर्ज काढलंय. तुमचा प्रश्न मी तेवढाच गंभीर मानतो.

महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. या दगडात पाणी सगळीकडे सारखं नसतं. ते वरच्या मुरमात असतं, खालच्या भेगांत असतं. म्हणून एकाची विहीर भरलेली आणि पन्नास पावलांवरची कोरडी. अशा वेळी लोक पाणाड्याला बोलावतात. त्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत. माणूस अडला की कुणीतरी ठामपणे जागा दाखवावी असं त्याला वाटतंच. आम्ही मात्र आधी शेजारच्या विहिरी बघतो. मुरूम कुठवर आहे, झरा किती फुटांवर लागला, उन्हाळ्यात किती पाणी उरतं. यंत्रं त्यानंतर.

तुम्हीही तेच करा. ज्या कामात जावंसं वाटतं, त्यात पाच-सात वर्षं काढलेल्या माणसाला गाठा. शक्य असेल तर दिवसभर त्याच्या शेजारी बसा. एक सांगतो, ऑक्टोबरमध्ये जवळपास प्रत्येक विहीर भरलेली दिसते. सत्कारसमारंभात भेटलेला यशस्वी माणूस ही ऑक्टोबरमधली विहीर. त्याला मे महिन्यातलं पाणी विचारा. सगळ्यात कंटाळवाणा दिवस कसा जातो? पहिली दोन वर्षं घरखर्च कसा भागवला? सोडून द्यावंसं कधी वाटलं? बहुतेक माणसं खरं सांगतात. त्यांना हे कुणी विचारलेलंच नसतं.

मला तेल संशोधनात जायचं होतं. दोनदा मुलाखतीतून परत आलो. हाताला लागलं ते विहिरींची पातळी मोजण्याचं तात्पुरतं काम. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असं वर्षातून चारदा त्याच त्या विहिरींवर जायचं, टेप सोडायचा, आकडा लिहायचा. पहिलं वर्ष मी मन मारून काढलं. दुसऱ्या मे महिन्यात एका विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या आजींनी विचारलं, ‘गेल्या साली किती होतं रे?’ मी वही उघडली. पाणी दीड मीटर खाली गेलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. दोर हातात धरून बराच वेळ आत बघत राहिल्या. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सगळ्या विहिरींचे आकडे एकाखाली एक मांडून बघितले, आणि रात्री उशिरापर्यंत उठलो नाही. आवड असल्यामुळे मी या कामात आलो नव्हतो. वही भरत गेली तशी आवड आली.

आता खोलीबद्दल. मला याची फार काळजी वाटते. बोअरची गाडी लागली की दोनशे फुटांवर पाणी नसलं तरी माणूस म्हणतो, ‘आणखी पन्नास फूट.’ आधी घातलेला पैसा त्याला थांबू देत नाही. बेसाल्टमध्ये खाली जावं तसं पाणी लागण्याची शक्यता बहुधा कमीच होत जाते. आता स्पर्धा परीक्षांकडे बघा. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला 2024 साली 9,92,599 अर्ज आले, पूर्वपरीक्षेला 5,83,213 जण बसले, निवड झाली 1,009 जणांची. पुण्यातल्या अभ्यासिकांमधून मी अशी हुशार मुलं पाहिली आहेत, जी सातव्या वर्षीही ‘आणखी एक प्रयत्न’ म्हणतात. परीक्षा जरूर द्या. पण गाडी लावण्याआधी खोली ठरवा. किती प्रयत्न, कोणत्या वयापर्यंत, हे कागदावर लिहा आणि घरच्यांना दाखवा. त्या काळात एखादं काम शिकत राहा. शिकाऊ उमेदवारीच्या योजनेत आता कला, वाणिज्य, विज्ञानाच्या पदवीधरांनाही विद्यावेतन घेऊन काम शिकता येतं. फार थोड्यांना हे माहीत असतं.

शेवटी मागच्या रांगांत बसलेल्या आईवडिलांशी दोन शब्द. गाडी चालू असताना बांधावरच्या माणसाला ‘लागलं का पाणी?’ हा प्रश्न सगळ्यात जड जातो. तो रोज विचारू नका. आणि ठरलेल्या खोलीपर्यंत जाऊन तुमचा मुलगा किंवा मुलगी रिकाम्या हातांनी घरी आली, तर त्या रात्री हिशेब काढू नका. ताट वाढा, आणि शेजारी बसून जेवा.