मधुमेह आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्या
(विहाराच्या वर्धापनदिनी मुकुटबन येथे केलेले भाषण)



समितीने आम्हाला आरोग्यावर बोलायला सांगितले. आम्ही डॉक्टर नाही, पण मधुमेह आमच्या घरात तीस वर्षे मुक्कामाला आहे. म्हणून त्याच्याविषयीच बोलतो.

हा आजार बाबासाहेबांनाही होता. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला तेव्हा पायांच्या वेदनांनी ते हैराण होते. माईसाहेब स्वतः डॉक्टर, पथ्यपाणी आणि औषधे त्याच सांभाळीत. १९५४ साली जून ते ऑक्टोबर बाबासाहेब अंथरुणाला खिळले होते, नजरही अधू झाली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ला आपल्या जवळच्या चांद्याला त्यांनी दीक्षा दिली, ती अशा शरीरानिशी. हातातली काठी आपण फोटोत पाहतो. ती कशासाठी होती, हे आपण फारसे विचारत नाही.

साखर वाढली म्हणजे नेमके बिघडते काय? आपल्या अंगात रक्ताच्या इतक्या बारीक नळ्या आहेत की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत सात-आठ मावतील. तांबड्या पेशींना त्यातून एकामागे एक, अंग चोरून जावे लागते. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की ती नळीच्या भिंतीला चिकटत जाते. ठिबकच्या नळीत क्षार साचतात, तसेच काहीसे. फरक एवढाच की इथे भिंत जाड होते पण मजबूत होत नाही. उलट पाझरायला लागते.

डोळ्याच्या पडद्यावर या नळ्यांना फुगे येतात, काही बंद पडतात. मग नव्या फुटतात, त्या कच्च्या असतात, आणि एक दिवस डोळ्यात रक्त उतरते. तोवर माणूस पेपर व्यवस्थित वाचत असतो! मूत्रपिंडाचेही तसेच. एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या घरात गाळण्या. त्या झिरपू लागल्या की लघवीतून प्रथिन जाते, पण दुखत काहीच नाही.

पायाची गोष्ट मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. संवेदना नेणाऱ्या तंतूंनाही याच बारीक नळ्या रक्त पुरवतात. साखरेने दोन्ही बिघडतात आणि पाय आधी मुंग्यांनी जळतो, मग मुका होतो. आमच्या थोरल्या भावाच्या टाचेत पऱ्हाटीचा खुंट घुसला. चप्पल रक्ताने भिजली ती वहिनीने पाहिली, त्याला पत्ताच नाही. “दुखत नाही ना, मंग दवाखाना कायले?” असे म्हणून त्याने आठ दिवस हळद भरली. शेवटी दोन बोटे काढावी लागली. तो दर महिन्याला साखर तपासत होता. तपासणाऱ्याने कधी पाय पाहिला नाही, आणि खरे सांगायचे तर घरातल्या आम्हीही पाहिला नाही.

हे टळते, यात शंका नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल १९९८ साली आला: साखर अधिक काटेकोरपणे आवरली तर बारीक नळ्यांचे नुकसान जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी होते. रक्तदाब आवरला तर आणखी लाभ. खर्रा आणि बिडीबद्दल आम्ही आज बोलत नाही, पुष्कळजण उठून जातील.

वर्षातून एकदा बाहुलीत औषध घालून डोळ्याचा पडदा पाहून घ्या आणि लघवीतले प्रथिन तपासा. नुसती साखर तपासून भागत नाही. वणीला सोय झाली नाही तर यवतमाळचे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पाय रोज घरीच पाहायचा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवायचा किंवा नातवाला पाहायला सांगायचे.

चपला आपण सगळ्यांनी दाराशी काढल्याच आहेत. जेवणाची पंगत बसायच्या आधी मागच्या खोलीत एक नर्सताई नायलॉनचा धागा घेऊन बसणार आहेत. डोळे मिटायचे, धागा तळव्याला टेकला की “हो” म्हणायचे. सुई नाही, पैसे नाहीत. ज्यांना साखर आहे त्यांनी आधी यावे. आमचा भाऊ तिथेच खुर्चीवर बसला आहे.