ऐकलेली खबर आणि पाहिलेली खबर



आज आमच्या गप्पांना पाहुणा कुणी नाही. डॉक्टरीणबाई नाहीत, कृषी सहायक नाहीत, बँकेचे साहेबही नाहीत. आज आम्हीच बोलणार, आणि बोलायचं आहे ते खबरींविषयी. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरच्या खबरा तुम्ही आमच्याकडे पाठवता. त्यातली कुठली आम्ही रेडिओवर सांगतो, कुठली थांबवतो आणि कुठलीसाठी उलट तुमच्याच मागे लागतो, ते तुम्हाला माहीत असलेलं बरं.

आधी सरकारचा नियम सांगून टाकू. गावच्या संस्थांना असा रेडिओ चालवायची परवानगी 2006 पासून मिळू लागली, त्याआधी ती शिक्षणसंस्थांनाच होती. आम्हाला स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत. पण वीज, पाणी, हवामान, परीक्षा, नोकरीच्या जागा, सण, जत्रा, साथीचे आजार यांवर हवं तेवढं बोलता येतं. म्हणजे कोण निवडून येणार हे आम्ही सांगणार नाही, टँकर कधी येणार हे मात्र विचारणार. तेलंगणात पस्तापूरच्या दलित शेतकरी बाया 2008 पासून असा रेडिओ चालवतात, आपल्याकडे साताऱ्यात म्हसवडच्या बायांचा आहे. तेव्हा बायांना हे जमेल का, हा प्रश्न आता जुना झाला.

टँकरचंच घ्या. चैत्र-वैशाख आला की मोखाड्याच्या पाड्यांवरून एकच खबर येते, ‘टँकर येत नाही.’ ज्या तालुक्यात मध्य वैतरणाचं धरण आहे, ज्याचं पाणी मुंबईला जातं, तिथल्या बाया हंडे घेऊन रात्री विहिरीवर बसतात. राग येतोच, आम्हालाही येतो. पण ‘टँकर येत नाही’ एवढंच रेडिओवर सांगितलं तर काय होतं? पंचायत समितीतून उत्तर येतं, ‘येतो की, वहीत फेऱ्या लिहिल्या आहेत.’ झालं, बोलणं तिथेच संपतं.

म्हणून आम्ही तुम्हाला दहा प्रश्न विचारतो आणि तुम्ही वैतागता. पाडा कुठला? घरं किती? शेवटचा टँकर कुठल्या वारी आला? पाणी टाकीत सोडलं की विहिरीत ओतलं? विहिरीत ओतलं तर गाळ वर येतो, पहिल्या बाईला पाणी मिळतं आणि शेवटचीला चिखल. वहीत सही कुणी केली? एवढं हातात असलं की साहेबाला ‘येतो की’ म्हणून सुटता येत नाही. आमची मेहनत ती एवढीच. आवाज चढवून काही होत नाही, वार सांगितला की होतं.

आता दुसरी गोष्ट, जरा जड आहे.

आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला 16 एप्रिल 2020 च्या रात्री तीन माणसं जमावानं मारली. दोन साधू आणि त्यांचा गाडीवान. टाळेबंदी होती, ते सुरतेला अंत्यविधीला निघाले होते. त्याआधी कितीतरी दिवस मोबाइलवर फिरत होतं की रात्री चोर येतात, मुलं पळवतात, माणसांचे अवयव काढून नेतात. पाहिलं कुणीच नव्हतं, ऐकलं सगळ्यांनी होतं. तीन जीव गेले. नंतर शंभरावर माणसांना अटक झाली. त्या घरांतल्या बायांनी वकील, तारखा आणि शेती कशी निभावली असेल, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. दोन वर्षं आधी, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं अशीच मुलं पळवण्याच्या अफवेवर मारली गेली होती.

मोबाइल नव्हता तेव्हाही अफवा होतीच. वारल्यांच्या 1945 च्या लढ्याची गोष्ट आपल्या म्हाताऱ्या सांगायच्या. वेठबिगारी आणि लग्नगडी बंद व्हावी म्हणून माणसं उभी राहिली होती. त्या ऑक्टोबरात गोदावरी परुळेकरांनी बोलावलंय, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांवरून फिरवला गेला. बाईंवर माणसांचा जीव, त्यामुळे हजारो जण तलवाड्याला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. निरोप कुणाकडून आला, एवढं विचारायलाही तेव्हा कुणाला उसंत मिळाली नाही.

तर आमच्याकडे ‘अमुक पाड्यावर मुलं पळवणारी टोळी फिरते’ अशी खबर आली की आम्ही ती कधीच तशी सांगत नाही. ‘खरं असेल तर? सावध करायला नको का?’ असं बाया म्हणतात. म्हणून आम्ही पहिल्यांदा हे विचारतो की पाहिलं कुणी. बहुतेक वेळा उत्तर येतं, नणंदेच्या गावी कुणीतरी पाहिलं. मग नणंदेला फोन लावायचा. तीही म्हणते, बाजारात ऐकलं. असं दोन-तीन घरं मागे गेलं की धागा तुटतो. अनोळखी माणूस खरंच दिसला तर पोलीस पाटलाला सांगा, 112 नंबर लावा. त्याला हात लावू नका. करोनाच्या लशीच्या वेळीही हेच झालं. ‘लस घेतली की माणूस मरतो’ हे पसरलं आणि आशाताई दिसल्या की लोक रानात जायचे. तिथे नुसतं ‘अफवा आहे’ म्हणून भागत नाही, जिनं लस घेतली तिलाच माईकवर आणावं लागतं.

पण बायांनो, आम्हाला जास्त घोर खोट्या खबरीचा नाही. खोटी खबर कान फुटेस्तोवर वाजते, ती आमच्यापर्यंत येतेच. घोर आहे तो खऱ्या खबरीचा, जी घरातून निघतच नाही.

1992 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभराहून जास्त मुलं कुपोषणानं आणि आजारानं दगावली. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. मंत्री, पत्रकार, गाड्या सगळे आले, पण मुलं गेल्यावर. पहिलं मूल सुकलं तेव्हा ते त्याच्या आईला माहीत होतंच, शेजारणीलाही माहीत होतं. ते कुणाला सांगायचं असतं आणि सांगितलं तर कुणी येतं, हे माहीत नव्हतं.

आज अंगणवाडी आहे. अमृत आहार योजना 2015 पासून आहे, गरोदर आणि बाळंतिणीला एक वेळ चौरस जेवण, लहानग्यांना अंडी. दंडाचा घेर मोजायची पट्टी आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित, त्याला लगेच दवाखान्यात दाखवायचं. ही खबर दडवायची नाही. पण रेडिओवरही सांगायची नाही. बाळाचं नाव, आईचं नाव, पाडा आम्ही हवेत सोडणार नाही. ‘तिचं पोर सुकलंय’ असं गावभर झालं की ती बाई अंगणवाडीची पायरी चढत नाही, हे आम्ही पाहिलं आहे. ती खबर सेविकाताईंच्या कानात आणि आशाताईंच्या वहीत. आम्ही बोलतो ते ‘त्या पाड्यावर वजनकाटा बिघडलाय’ एवढंच. काट्याला लाज नसते.

तसंच अठराच्या आतल्या पोरीवर अत्याचार झाला तर तिची ओळख कळेल असं काहीही बोलणं कायद्यानं गुन्हा आहे. कळवळ्यानं बोललं तरी. तिथे 1098 ला फोन करायचा. कोणाच्या सुनेला दिवस जात नाहीत, कोणाच्या नवऱ्यानं दुसरी आणली, हेही आमच्याकडे येतं. येऊ दे. ते आम्ही पोटात ठेवतो, आमची पोटं मोठी आहेत.

आता कामाचं. भात आणि नागली घरात आली, दिवाळी झाली की निम्मे पाडे रिकामे होतील. कुणी भिवंडीकडे, कुणी वसईकडे, वीटभट्टीवर. तेव्हा आमच्या खबरी आटतात, आणि नेमक्या त्याच चार महिन्यांतल्या खबरा आम्हाला हव्या असतात. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात घ्या, ते दाखवून बाळाची लस तिथेही मिळते. रेशन कार्डावर धान्य तिथल्या दुकानातही घेता येतं. सेविकाताईंना सांगून निघा, कोण कुठे गेलं त्याची नोंद त्या पुढे कळवतात. उचल किती घेतली ते कागदावर लिहून एक प्रत घरी म्हातारीकडे ठेवा. उचल फिटेस्तोवर भट्टी सोडायची नाही, असं कुणी अडवून धरलं तर ती वेठबिगारी झाली. 1976 च्या कायद्यानं ती बंद आहे, आणि त्याची तक्रार तहसीलदाराकडे करता येते.

शिमग्याला परत याल तेव्हा आम्ही भट्टीवरच्या खबरींचीच एक आख्खी गप्पा करणार आहोत. तिथे पाणी कुठून आणलं, बाळंतपण कुठे झालं, हिशेब कसा झाला, हे ज्यांनी पाहिलं त्यांनीच येऊन सांगायचं. नाव घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वार मात्र लक्षात ठेवून या.