दूरच्या श्रोत्याचे यजमानपद

(घोडपदेव परिसरातील उत्सव मंडळे, ग्रामस्थ मंडळे आणि व्याख्यानमाला यांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय वरकरणी यंत्रांचा आहे. संस्थेच्या कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण कसे करावे, हे सांगण्यासाठी एखादा अभियंता बोलवावयाचा सोडून कला शाखेच्या पदवीधर पत्रकाराला आपण का पाचारण केले, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. माझे उत्तर साधे आहे. असे प्रक्षेपण फसते ते फार क्वचित यंत्रामुळे. बहुतेक वेळा ते फसते नियोजनाच्या अभावी. आणि नियोजन हा कार्यकर्त्याचा प्रांत आहे.

हा विषय घोडपदेवमध्ये मांडण्याला विशेष औचित्य आहे. भायखळा, रे रोड आणि कॉटन ग्रीन यांच्यामध्ये वसलेली ही वस्ती. गिरणीच्या भोंग्यावर तिचे घड्याळ चालत असे. कोकणातून वा घाटावरून आलेला तरुण गावच्या मंडळाच्या खोलीत वळकटी टाकीत असे, खानावळीत जेवीत असे आणि सुटीच्या दिवशी त्याच खोलीत गावाच्या देवळाची, शाळेची, पाण्याची चर्चा करीत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी थंडावत गेली. कोणी गावी परतले, कोणाच्या मुलांनी डोंबिवली, बदलापूर, विरार गाठले. पुढे जुन्या चाळींच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा आणखी काही घरे पांगली. आज कोणाचा नातू दुबईत आहे, कोणाची नात लंडनमध्ये आहे. मंडळाच्या वहीत नावे तीच राहिली, पत्ते मात्र बदलले.

नाव आणि पत्ता यांमध्ये पडलेले हे अंतर भरून काढणे, हा आपल्या दृष्टीने थेट प्रक्षेपणाचा खरा हेतू आहे. कार्यक्रम ‘जगभर’ दिसावा, ही हौस झाली. आपल्या माणसाला तो आपला वाटावा, हे काम झाले.

आधी प्रयोजन, मग प्रक्षेपण

दूरच्या श्रोत्याला बांधून ठेवण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याला एक गीत, याप्रमाणे छप्पन्न गीते वर्षभर चालली. घराघरांतून माणसे ठरल्या वेळी रेडिओपाशी येऊन बसत. शब्द आणि स्वर यांचे सामर्थ्य तर होतेच. पण वेळ ठरलेली होती, ती पाळली जात होती आणि पुढच्या आठवड्याचे आश्वासन होते, हेही विसरता येणार नाही. प्रसारण म्हणजे श्रोत्याला दिलेला शब्द, ही जाणीव त्यामागे होती.

२०२० साली महामारीने आपल्या सर्वांवर हा विषय एकदम लादला. त्या वर्षीच्या गणेशोत्सवासाठी राज्य शासनाने सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांपर्यंत मर्यादित केली आणि ऑनलाइन दर्शनाची अधिकाधिक सोय करण्यास मंडळांना सांगितले. कंपन्यांच्या सर्वसाधारण सभाही पडद्यावर आल्या. रिलायन्सची भागधारकांची सभा वर्षानुवर्षे मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात भरत असे. १५ जुलै २०२० रोजी ती पूर्णपणे ऑनलाइन झाली. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन करण्यात आले आणि तेथील थेट प्रक्षेपणाची व्यवस्था झाली.

परंतु त्या वर्षाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा आपल्या शेजारच्या लालबागचा आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या लालबागच्या राजाच्या मंडळाकडे घरबसल्या दर्शन घडविण्याची सोय आधीपासूनच होती. मनात आणले असते तर मंडळाला केवळ पडद्यावरचा उत्सव करता आला असता. त्यांनी मूर्तीची प्रतिष्ठापना न करता ‘आरोग्योत्सव’ केला, रक्तदान आणि रक्तद्रवदानाची शिबिरे घेतली. यातून आपण घ्यावयाचे ते हे, की साधन हाताशी आहे म्हणून ते वापरलेच पाहिजे असे नाही. या क्षणी समाजाला आपल्याकडून काय हवे आहे, हा प्रश्न पहिला. त्याचे उत्तर मिळाल्यावर कॅमेऱ्याचा विचार करावा.

सभा की व्याख्यान?

प्रयोजन ठरले की दुसरा प्रश्न येतो. आपल्याला लोकांनी केवळ ऐकावयाचे आहे, की बोलावयाचेही आहे?

व्याख्यान, कीर्तन, आरती, सत्कार यांसाठी यूट्यूब किंवा फेसबुक पुरेसे आहे. तेथे कितीही माणसे येऊ शकतात, दुवा उघडला की पुरे. ग्रामस्थ मंडळाची वार्षिक सभा मात्र वेगळी. तेथे हिशेबावर प्रश्न विचारले जाणार, ठराव मांडले जाणार. त्यासाठी झूम किंवा गूगल मीट यांसारखे दुतर्फी साधन हवे. त्यांच्या विनामूल्य सोयीत शंभर माणसांची मर्यादा असते. झूमची सामूहिक बैठक चाळीस मिनिटांनी, तर मीटची एका तासाने बंद पडते. हिशेबाचे वाचन रंगात आले असताना सभाच नाहीशी झाली, तर लोकांना त्यात भलतीच शंका येईल. ज्या संस्थेला नोंदणी आणि उपविधी लागू आहेत, तिने अशा सभेतील ठराव, मतदान आणि उपस्थिती यांची नोंद नियमांत कशी बसते, हेही आधी तपासावे.

आणखी एक बारकावा. यूट्यूबवरचे प्रक्षेपण प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असते. वक्त्याने ‘काही प्रश्न?’ असे विचारून तीन सेकंद थांबावे आणि ‘प्रश्न नाहीत असे दिसते’ म्हणून आभाराकडे वळावे, हा दूरच्या श्रोत्यावर अन्याय आहे. त्याच्यापर्यंत तो प्रश्न अजून पोहोचलेलाच नसतो.

आवाज, जाल आणि वीज

यंत्रांविषयी मोजकेच सांगतो, पण ते वहीत लिहून घ्यावे.

पहिला मान आवाजाला. चित्र थोडे अंधुक असले तरी माणूस तासभर ऐकतो. आवाज चिरका असेल तर दोन मिनिटांत उठतो. सभागृहातल्या कर्ण्याचा आवाज मोबाइलच्या माइकने टिपला, की त्यात पंखा, खुर्च्या आणि रस्त्यावरचे हॉर्न सारे येते. ध्वनिक्षेपकवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घेऊन ती प्रक्षेपणाच्या यंत्राला जोडावी. त्याला हे आदल्या दिवशी सांगावे. ऐनवेळी तो योग्य तार शोधून देऊ शकत नाही.

दुसरे इंटरनेट. जाहिरातीतला वेग बहुधा माहिती खाली उतरविण्याचा असतो. आपल्याला हवा असतो वर पाठविण्याचा वेग. ‘७२०’ दर्जाच्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे चार मेगाबिट लागतात; म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट वेग मिळतो का, ते कार्यक्रमाच्याच जागी आणि कार्यक्रमाच्याच वेळी मोजून पाहावे. या हिशेबाने एका तासाला जवळजवळ १.८ जीबी खर्ची पडतात, हेही ध्यानात असू द्यावे. गणेशोत्सवात या भागात माणसांचा महापूर लोटतो आणि मोबाइलचे जाळे गुदमरते. तेव्हा तारेची जोडणी मुख्य ठेवावी आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे राखीव ठेवावीत.

तिसरी वीज. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण इंटरनेटच्या राउटरला नसते. त्याच्यासाठी छोटा यूपीएस ठेवावा.

चौथी गोष्ट खात्याची. यूट्यूबवर नवे खाते प्रथमच थेट प्रक्षेपणासाठी खुले होण्यास चोवीस तास लागू शकतात. मोबाइलवरून प्रक्षेपण करावयाचे तर किमान पन्नास सदस्य नोंदलेले असावे लागतात. सायंकाळी सहाचा कार्यक्रम आणि दुपारी चारला खाते उघडणे, याला आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात. खाते संस्थेच्या नावाने असावे आणि त्याचा परवलीचा शब्द किमान दोघा पदाधिकाऱ्यांकडे असावा. एखाद्या उत्साही तरुणाच्या खासगी खात्यावर संस्थेची दहा वर्षांची स्मृती ठेवू नये. तो उद्या नोकरीनिमित्त परगावी गेला, तर स्मृतीही त्याच्यासोबत जाईल.

नमनाला घडाभर तेल

गेल्या वर्षी एका संस्थेचे व्याख्यान मी घरून ऐकले. वक्ते विद्वान होते. पण दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची मनोगते यांत पाऊण तास गेला. वक्ते उभे राहिले, तेव्हा पडद्यावरचे निम्म्याहून अधिक श्रोते निघून गेले होते. सभागृहातला माणूस संकोचाने बसून राहतो. घरच्या माणसाला उठण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून मिनिटांचे लेखी वेळापत्रक करावे. कार्यक्रमापूर्वी दहा मिनिटे पडद्यावर विषय, वक्त्याचे नाव आणि प्रारंभाची वेळ दिसावी. ठरल्या मिनिटाला प्रारंभ व्हावा. औपचारिक भाग दहा मिनिटांत आटोपावा. वेळ निवडतानाही दूरच्या माणसाचा विचार करावा. आपल्या सायंकाळी सातला दुबईत साडेपाच वाजलेले असतात, लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे अडीच, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ. मेलबर्नमध्ये मात्र मध्यरात्र होत आलेली असते. सर्वांची सोय एकदम होणार नाही, पण कोणाची गैरसोय होते आहे, हे आपल्याला माहीत असावे.

माणसांची वाटणी

एकच कार्यकर्ता कॅमेरा धरतो, अभिप्राय वाचतो, दुवा पाठवितो आणि पाहुण्यांना पाणीही देतो, हे दृश्य कौतुकाचे नाही. किमान चौघे हवेत. एकाने चित्र सांभाळावे. एकाने कानाला हेडफोन लावून केवळ आवाज ऐकावा. एकाने पडद्यावर येणाऱ्या प्रत्येकाचे नावाने स्वागत करावे, प्रश्न टिपून घ्यावेत, अनुचित मजकूर काढून टाकावा. चौथ्याने कार्यक्रमस्थळापासून दूर, स्वतःच्या घरी बसून सामान्य श्रोत्यासारखे पाहावे आणि काही बिघडले तर फोन करावा. या चौथ्याची नेमणूक बहुतेक संस्था करीतच नाहीत. मग दिव्याखाली अंधार होतो. सभागृहात सारे आलबेल, आणि बाहेर वीस मिनिटे आवाजच नाही.

आदल्या दिवशी रंगीत तालीम घ्यावीच. दूरस्थ वक्त्याला खिडकीकडे पाठ करून बसू नये, एवढे जरी सांगितले तरी चेहरा दिसतो.

काही बंधनेही पाळावी लागतील. मधल्या वेळेत चित्रपटगीताची ध्वनिमुद्रिका वाजली, तर स्वामित्वहक्काच्या कारणावरून प्रक्षेपण मध्येच बंद पडू शकते. त्यापेक्षा आपल्याच मुलांनी वाजविलेली पेटी बरी. लहान मुलांचे आणि महिलांचे जवळून चित्रण त्यांच्या संमतीविना करू नये. देणगीचे आवाहन करताना संस्थेच्या बँक खात्याचे नाव पडद्यावर दाखवावे आणि अभिप्रायांत कोणी अन्य क्रमांक अथवा क्यूआर संकेत टाकल्यास तो तत्काळ काढावा. लोकांचा आपल्यावरचा विश्वास हाच भामट्यांचा मार्ग असतो.

पडदा आणि पायरी

आता शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. थेट प्रक्षेपण उत्तम जमू लागले, की एक धोका संभवतो. बदलापूरचा सभासद म्हणू लागतो, ‘घरूनच पाहीन.’ मग लालबागचा म्हणतो. पुढे वाडीतलाच माणूस, एक जिना उतरण्याचा कंटाळा करून, मोबाइलवर आरती पाहतो. मंडप रिकामा होतो, आणि रिकाम्या मंडपाचे प्रक्षेपण कोण पाहणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

यावर उपाय प्रक्षेपण बंद करणे हा नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध सभासदाला, परदेशी गेलेल्या लेकीला तो हक्क मिळालाच पाहिजे. उपाय हा, की पडद्याकडून पायरीकडे येणारा रस्ता आपण आखला पाहिजे. वर्षाचे कार्यक्रम योजताना काही केवळ प्रत्यक्ष ठेवावेत: सहभोजन, श्रमदान, रक्तदान, नव्या पिढीची ओळख. काही दोन्ही प्रकारे करावेत. काही, जसे गावाकडच्या कामाची मासिक आढावा बैठक, केवळ पडद्यावर व्हावेत, म्हणजे कोणाचा रविवार गाडीच्या प्रवासात जाणार नाही.

आणि यशाचे माप बदलावे. किती जणांनी पाहिले, हा आकडा पडद्यावर आपोआप उमटतो, म्हणून तो खरा वाटतो. कोणी एक क्षण डोकावला तरी तो त्यात येऊ शकतो. आपण आपली वही उघडावी. ज्या सभासदांचा वर्षानुवर्षे संपर्क नव्हता, त्यांपैकी किती जण आज आले? त्यांची नावे उतरवून घ्यावीत आणि दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांनी वाटून घेऊन त्यांना दूरध्वनी करावेत. ‘काका, काल आपण कार्यक्रमाला होता, बरे वाटले. प्रकृती कशी आहे? पुढच्या वेळी मुलांना घेऊन इकडे या.’ या तीन वाक्यांना इंटरनेटचा वेग लागत नाही.

आपल्या घरी पाहुणा आला, तर आपण त्याला दाराशी उभा करून आतला सोहळा दाखवीत नाही. त्याला आत बोलावतो, बसवतो, विचारपूस करतो. पडद्यापलीकडचा माणूस असाच आपल्या दारी आलेला असतो. त्याचे यजमानपद आपल्याकडे आहे, एवढे भान प्रत्येक मंडळाने ठेवले, तर पांगलेल्या वस्तीचे पत्ते कितीही बदलोत, वहीतले एकही नाव पुसले जाणार नाही.