लहान आतड्यातील ग्रंथी आणि जलसंजीवनी

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर बोला असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी कला शाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि गेली वीसेक वर्षे बँकेत लिपिक आहे. रक्तगट सोडला तर शरीराविषयी मला काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही लहान आतड्यातील ग्रंथींसारखा विषय मी स्वतः होऊन निवडला. त्याचे कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे तुम्हाला परके वाटणार नाही.

१९८८ च्या पावसाळ्यात जालना जिल्ह्यातील आमच्या गावी माझी धाकटी बहीण वारली. ती दीड वर्षाची होती. जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. वडील कामाला परगावी होते. घरात आई, आजी आणि आम्ही भावंडे. आजी म्हणाली, "लेकराला पाणी पाजू नका, पाजलं की तसंच खाली जातंय." आणि ते डोळ्यांना दिसतही होते. पाणी दिले की थोड्याच वेळात पुन्हा जुलाब होई. म्हणून पाणी बंद केले, अंगावरचे दूधही बंद केले. आई ओल्या फडक्याचे टोक तिच्या ओठांना लावीत असे. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. गावात कोणालाही यात काही चुकले असे वाटले नाही, कारण सगळ्याच घरांत तसेच करीत.

पुढे बरीच वर्षे गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये बँकेत जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्र चाळताना एक मृत्युलेख दिसला. कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस १६ ऑक्टोबरला वारले होते. (पुढे २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.) मीठ, साखर आणि पाणी यांच्या मिश्रणाने त्यांनी १९७१ साली हजारो माणसे वाचवली, असे त्यात होते. डबा तसाच राहिला. १९७१ म्हणजे माझ्या बहिणीच्या मृत्यूच्या १७ वर्षे आधी! मग माझ्या मनात एकच प्रश्न घोळू लागला. पाजलेले पाणी खाली जाताना आजीने स्वतः पाहिले होते, तर तेच पाणी कलकत्त्याकडच्या माणसांच्या अंगात कसे राहिले? त्या वेळी मुलगा अकरावी विज्ञानाला होता. त्याच्या पुस्तकातील आतड्याच्या आकृतीपासून मी सुरुवात केली.

मित्रहो, लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याचे आतील अस्तर गुळगुळीत नसून टर्किश टॉवेलसारखे असते. टॉवेलावर जशी सुताची टोके उभी असतात तसे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य अंकुर आत उभे असतात. त्यांना रसांकुर किंवा व्हिलाय म्हणतात. यामुळे आतड्याचा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा होतो, असे जुन्या पुस्तकांत छापलेले असे. २०१४ साली स्वीडनमधील दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप केले तेव्हा तो सुमारे ३० चौरस मीटर भरला, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आत-बाहेर. आपल्यापैकी अनेकांचे राहते घर एवढेच आहे. विद्यार्थ्यांनी परीक्षेत मात्र आपल्या पुस्तकात असेल तेच लिहावे.

या अंकुरांच्या बुडाशी, दोन अंकुरांच्या मधोमध, बारीक खड्डे असतात. याच लहान आतड्याच्या ग्रंथी. ग्रंथी या शब्दाचा अर्थ गाठ असा आहे, पण इथे गाठ नाही, विहीर आहे. बर्लिनचे योहान लीबरक्यून यांनी १७४५ मध्ये त्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना लीबरक्यूनच्या ग्रंथी म्हणतात. विहिरीच्या तळाशी मूळपेशी असतात. त्या सतत विभागतात आणि नव्या पेशी विहिरीच्या भिंतीने वर सरकत अंकुराच्या टोकापर्यंत जातात. तिथे त्या झडून पडतात. हा प्रवास तीन ते पाच दिवसांचा. आज आपल्या आतड्याला जे अस्तर आहे ते पुढच्या आठवड्यात बहुतांशी नवे असेल. तळाच्या या मूळपेशी नेमक्या ओळखण्याची खूण नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेला २००७ मध्ये सापडली. कर्करोगाच्या रुग्णाला केमोथेरपीत जुलाब का होतात, याचेही एक कारण इथेच मिळते. ते औषध झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारते, आणि या विहिरींचे तर कामच ते.

मूळपेशींच्या शेजारी पानेट पेशी असतात. त्या जंतुनाशक द्रव्ये सोडतात आणि तळाचे रक्षण करतात. काही पेशी बुळबुळीत श्लेष्मा तयार करतात, काही संप्रेरके. जठराला लागून असलेल्या आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात, अस्तराच्या खाली, ब्रुनर यांच्या ग्रंथी असतात. जठरातून येणाऱ्या आम्लाने आतडे भाजू नये म्हणून त्या अल्कधर्मी स्राव ओततात. याच भागातल्या पेशी आम्ल येताच रक्तात सिक्रेटिन नावाचे द्रव्य सोडतात आणि ते स्वादुपिंडाला कामाला लावते. हे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये लंडनला दाखवले. हार्मोन हा शब्द त्यानंतर, १९०५ साली रूढ झाला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. विहिरींचे मोठे काम म्हणजे आतड्यात पाणी सोडणे, आणि अंकुरांचे काम ते परत घेणे. पाणी सोडायचेच कशाला? तर अन्न पातळ झाल्याशिवाय ते पचत नाही आणि शोषलेही जात नाही. याचा हिशोब पाहिला तेव्हा मी बँकेचा माणूस असून थक्क झालो. आपण दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि या ग्रंथींचा स्राव मिळून शरीर स्वतःचे आणखी सुमारे सात लिटर त्यात घालते. म्हणजे रोज नऊ लिटर आतड्यात उतरतात, आणि शौचावाटे बाहेर जाते ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळे परत जमा! शाखेत एक खिडकी पैसे देण्याची आणि एक भरून घेण्याची असते, संध्याकाळी ताळा जमला की रोखपाल घरी जातो. आतड्याच्या दोन खिडक्यांचा ताळा असाच रोज जमतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

पटकीत नेमके काय बिघडते? रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीच्या जंतूची ओळख पक्की केली, पण तो जंतू माणूस मारतो कसा हे पुढे ७५ वर्षे उलगडले नव्हते. आतड्याचे अस्तर सोलून निघते, असे अनेकांचे मत होते. कलकत्त्याचेच डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली उत्तर दिले. त्यांनी पटकीच्या जंतूंचे द्रावण गाळून त्यातले जंतू पूर्ण काढून टाकले आणि उरलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधून घेतलेल्या तुकड्यात घातला. तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. म्हणजे जंतू नव्हे, जंतूने सोडलेले विष हे काम करते. हे विष पेशीत शिरून पाणी सोडण्याचा हुकूम कायम चालू ठेवते. देण्याची खिडकी उघडते ती मिटतच नाही. माणूस दिवसात कित्येक लिटर पाणी गमावतो. डे यांच्या शोधाची त्यांच्या हयातीत आपल्या देशात म्हणावी तशी कदर झाली नाही, हे येथे बोललेच पाहिजे. ते १९८५ मध्ये वारले.

पण भरून घेण्याच्या खिडकीचे काय? १९५९ च्या साथीत बँकॉकला रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर अस्तर शाबूत होते. अंकुर उभे होते. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६० मध्ये, रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथे मांडले की अंकुरावरील पेशी ग्लुकोज आत घेताना सोबत सोडियमही ओढून घेते. मीठ आत गेले की त्याच्यामागे पाणी जाते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ दिले तर पटकीच्या रुग्णात ते फारसे शोषले जात नाही. त्याबरोबर योग्य प्रमाणात साखर दिली की हा दरवाजा उघडतो, आणि पटकीचे विष तो बंद करू शकत नाही. १९६८ मध्ये ढाक्याला रुग्णांवर हे सिद्ध झाले.

तरी ते सगळे इस्पितळातले. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या लहानशा रुग्णालयात माणसे जमिनीवर पडली होती, आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तेव्हा महालनबीस यांनी ठरवले की तोंडाने पाजायचे. कलकत्त्यात, जॉन्स हॉपकिन्स संस्थेच्या केंद्रातील ग्रंथालयाच्या खोलीत, पुड्या भरल्या. एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. द्रावण पिंपात भरून ठेवले आणि पाजायचे काम रुग्णाच्या नातेवाइकांवर सोपवले. तिथल्या मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. १९७८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाने साखर आणि मिठाच्या या जोडीच्या शोधाला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले.

माझा प्रश्न इथे सुटला. आजीने पाहिले ते खरेच होते. जलसंजीवनी पाजली तरी जुलाब लगेच थांबत नाहीत, कारण देण्याची खिडकी उघडीच असते. पाजलेले तेच पाणी खाली जाते असे मात्र नाही. खाली जाते ते शरीराचे स्वतःचे पाणी, आणि ते न पाजताही जातच राहते. आपण पाजतो ते दुसऱ्या खिडकीतून आत येते. डोळ्यांना फक्त जाणारे दिसते, येणारे दिसत नाही. माझ्या आजीने नातीवर प्रेम कमी केले नव्हते. तिच्यापर्यंत ही दुसरी खिडकी कोणी आणून पोचवली नाही. पुडीचा शोध लागून १७ वर्षे झाली होती आणि मीठ-साखर तर आमच्याही घरात होती.

लहान मुलांच्या जुलाबात रोटाव्हायरस हा विषाणू वारंवार आढळतो. त्याची रीत उलटी आहे. तो अंकुरावरच्या पेशी मारतो, म्हणजे घेण्याची खिडकीच मोडतो. पण विहिरींना हात लावीत नाही, म्हणून तळातून नव्या पेशी वर येतात आणि अस्तर पुन्हा उभे राहते. तोवर मूल तगवणे एवढेच आपल्या हाती असते. पोषण नीट असेल तर ही दुरुस्ती लवकर होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना २००४ पासून जुलाबात झिंकही द्यायला सांगते. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालील बाळाला १०, एकूण १० ते १४ दिवस. जुलाब थांबले की गोळ्या बंद करू नयेत. या विषाणूवरील लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या राष्ट्रीय लसीकरणात आली आहे, ती बाळाला मोफत मिळते. ज्या वस्तीत पाणी घाण आणि गटार उघडे, तिथल्या मुलांच्या आतड्यावर मात्र वरचेवर मारा होतो आणि अंकुर हळूहळू आखूड होतात. अशा मुलाला पोटभर घातले तरी अंगी लागत नाही. आईला लोक बोल लावतात, नळाच्या फुटलेल्या पाइपाला कोणी लावीत नाही.

आता थोडे घरच्यासाठी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर जास्त घालू नये. जास्त साखर उलट पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. याच कारणाने बाजारातील गोड पेये चालत नाहीत. अशी काही पेये ओआरएस असे नाव लावून विकली जात. खऱ्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांवर ते नाव छापण्यास एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा पाजावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे चालू ठेवावे. मूल सुस्त पडले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी हळू खाली बसू लागली किंवा शौचात रक्त दिसले तर घरी थांबू नये. वाटेतही पाजत पाजत दवाखाना गाठावा.

दाराजवळच्या टेबलावर काही पुड्या ठेवल्या आहेत. घरटी दोन न्याव्यात. पुडीवर पाण्याचे माप वाचून घ्या, काही पुड्या एक लिटरच्या असतात आणि काही २०० मिलिलिटरच्या. कालवलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचे. वाचता न येणाऱ्या शेजाऱ्याकडे पुडी देताना, विद्यार्थी मित्रांनो, घरातले भांडे घेऊन माप तिथेच करून दाखवा.