सहा फुटांवरून

प्रत्येक कारागिराचं एखादं हत्यार लाडकं असतं. सुताराच्या पेटीत चार रंधे असले तरी हात एकाकडेच जातो. शिंपी आपली कात्री दुसऱ्याला वापरू देत नाही. श्रोतेहो, आम्हा फोटोग्राफर मंडळींचंही तसंच आहे. माझ्या पिशवीत चार-पाच लेन्स असतात, पण माणसाचा चेहरा टिपायचा म्हटलं की मी एकच बाहेर काढतो. १०५ मिलिमीटरची, एफ २.५ची निक्कॉर. वजन सुमारे ४३५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. फोकस हातानं फिरवायचा. आत मोटर नाही की चिप नाही.

टेलिफोटो म्हटलं की क्रिकेटच्या मैदानावरच्या त्या तोफेसारख्या लेन्स आठवतात. ही तशी नव्हे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स म्हणजे आखूड टेलिफोटो. दूरचं फार जवळ आणणं हे तिचं काम नाही. तिचं काम चेहऱ्याचं.

या जातीच्या लेन्सनं जपानचं नाव केलं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९५० साली टोकियोत जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकारानं 'लाइफ' मासिकाच्या डेव्हिड डग्लस डंकन यांचा एक फोटो काढला. लेन्स होती ८५ मिलिमीटरची निक्कॉर. प्रिंट पाहून डंकन चकित झाले, कारखान्यात गेले आणि पुढे कोरियाच्या युद्धात त्यांनी जपानी लेन्स वापरल्या. तोवर चांगली लेन्स म्हणजे जर्मन, असं समीकरण होतं. १९५९मध्ये निकॉन एफ हा कॅमेरा आला आणि १०५ची लेन्स त्याच्या सोबतीला आली. १९७१मध्ये तिच्या आतली भिंगांची मांडणी बदलली. आज ती नव्यानं बनत नाही, पण जुन्या मालाच्या बाजारात मिळते आणि चालते.

आता तुम्ही विचाराल, तिच्यात असं आहे काय? खरं सांगायचं तर तिचा मोठा गुण काचेत नाही, अंतरात आहे. चेहरा आणि खांदे एवढंच चौकटीत घ्यायचं, तर ३५ मिलिमीटरच्या लेन्सला माणसापासून दोन फुटांवर जावं लागतं. ५० मिलिमीटरला तीन फूट. १०५ला मात्र सुमारे सहा फूट मागे उभं राहता येतं. दोन फुटांवरून पाहिलं तर नाक कॅमेऱ्याच्या जवळ असतं आणि कान त्या मानानं बरेच लांब, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. हात लांब करून मोबाइलवर स्वतःचा फोटो काढणाऱ्या प्रत्येकानं हे पाहिलेलं आहे. सहा फुटांवरून नाक आणि कान यांतला हा फरक नगण्य होतो. माणूस आपल्याला समोर बसून बोलताना जसा दिसतो, तसाच फोटोत उतरतो.

दुसरा गुण तिच्या झडपेचा. एफ २.५ म्हणजे उघडीप ४२ मिलिमीटरची. इतकी उघडली की सहा फुटांवर जेमतेम चार-पाच सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळ्यांवर फोकस धरला, तर कानापाशी पोचेतो चित्र मऊ होत जातं आणि मागची भिंत, वायर, दोरीवरचे कपडे सगळं विरघळून जातं. पण माणूस बोटभर पुढे झुकला की डोळे गेले! म्हणून घाई करून चालत नाही.

हीच लेन्स एका जगप्रसिद्ध फोटोमागे आहे. डिसेंबर १९८४मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅक्करी यांनी एका अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५मध्ये तो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला. ते हिरवे डोळे जगभर गेले. मुलीचं नाव मात्र जगाला २००२मध्ये कळलं, शरबत गुला. सतरा वर्षं तिनं स्वतःचा तो फोटो पाहिलासुद्धा नव्हता. परक्या माणसानं फोटो काढला याचा तेव्हा राग आला होता, असं तिनं सांगितलं. २०१६मध्ये पाकिस्तानात ओळखपत्राच्या प्रकरणात तिला अटक झाली आणि मायदेशी पाठवलं गेलं. २०२१मध्ये इटलीनं तिला आसरा दिला. त्या फोटोसमोर मी अनेकदा थांबलो आहे. लेन्सनं आपलं काम चोख केलं. नाव विचारणं हे लेन्सचं काम नव्हतं.

सहा फूट हे अंतर तसं विचार करण्याजोगं आहे. तीनशे मिलिमीटरच्या लेन्सनं पलीकडच्या फुटपाथवरून माणसाला न कळत टिपता येतं. इथे लपता येत नाही. हे ओट्यावर बसून गप्पा मारण्याचं अंतर. म्हणून मी कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी बोलतो. "आजी, फोटो काढू का तुमचा?" "माझा कशाला रे बाबा आता?" एवढं म्हणून आजी पदर सावरतेच. मग नाव, गाव, नातवंडं. पहिली दोन-चार छायाचित्रं अवघडलेली येतात, पुढचं खरं येतं. त्याची प्रत तिच्या घरी पोचवणं हा माझ्या कामाचाच भाग आहे.

कारण आपल्याकडे माणूस गेल्यावर फोटोची आठवण होते. दिवसकार्याच्या आधी धावपळ सुरू होते. कुणाच्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून, नाहीतर ओळखपत्रावरच्या टिकलीएवढ्या चित्रातून चेहरा कापून मोठा करायचा. मोठा होता होता डोळ्यांच्या जागी दोन डाग उरतात. त्यावर हार चढतो आणि नातवंडांना तीच आजी आठवत राहते.

यासाठी माझीच लेन्स हवी असं मुळीच नाही. मोबाइलमध्ये दुपटीनं किंवा तिपटीनं जवळ आणणारी लेन्स असेल तर ती निवडा आणि दोन पावलं मागे या. नुसत्या नेहमीच्या लेन्सनंही सहा फुटांवरून काढून नंतर कडा कापल्या, तरी चेहऱ्याची ठेवण बिघडत नाही. आईला, आजोबांना खिडकीशेजारी बसवा, फ्लॅश बंद ठेवा, त्यांच्याशी बोलत राहा. फोटो कागदावर छापून घ्या आणि त्यांच्या हातात द्या. त्यांनाही तो बघू दे.